ध्वनिपुस्तकांच्या विक्रीतून मोफत ध्वनिग्रंथालय चालेल का?

तालुक्याच्या गावी बारा वर्षे काम करणाऱ्या एका नोंदणीकृत न्यासाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. स्वयंसेवकांकडून पुस्तके वाचून घेऊन ती अंध वाचकांना मोफत पोहोचवणारे ध्वनिग्रंथालय हा न्यास चालवतो. सुमारे चारशे पुस्तकांचे रेकॉर्डिंग तयार आहे. देणग्या मात्र पूर्वीसारख्या येत नाहीत, आणि एडिटिंग करणाऱ्या मुलाचा पगार व सर्व्हरचे भाडे भागवताना विश्वस्तांना पदरमोड करावी लागते. तेव्हा हीच पुस्तके संकेतस्थळावरून डाउनलोडसाठी विकली, तर त्या उत्पन्नावर ग्रंथालय चालेल का आणि सुरुवात कुठून करावी, असे त्यांनी विचारले आहे. आठ तासांच्या एका पुस्तकाला नव्वद मिनिटांच्या सहा कॅसेटी लागत, त्या काळापासून मी हे काम करते आहे आणि विक्रीचा प्रयोगही काही वर्षे केला आहे. त्या अनुभवातून हे उत्तर देत आहे.

सर्वप्रथम ‘हीच पुस्तके’ या दोन शब्दांपाशी थांबावे लागेल, कारण बहुतेक संस्थांची चूक तिथेच होते. अंध वाचकांसाठी पुस्तक रेकॉर्ड करताना आपण लेखकाची परवानगी घेत नाही, ती घ्यावी लागत नाही, आणि ही सवलत आपल्याला कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीमुळे मिळालेली आहे. कलम ५२ मध्ये तेव्हा जी तरतूद आली, तिच्यानुसार दिव्यांग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात कोणत्याही कृतीची प्रत तयार करता येते आणि ती त्यांना देता येते. परंतु त्याच तरतुदीत अटीही घातलेल्या आहेत. प्रत नफ्यासाठी द्यायची नाही, घ्यायचाच तर फक्त निर्मितीखर्च घ्यायचा, ती दिव्यांग व्यक्तींच्याच वापरात राहील हे पाहायचे आणि ती नेहमीच्या व्यापारात शिरणार नाही यासाठी संस्थेने योग्य ती काळजी घ्यायची. म्हणजे आपल्या कपाटातील चारशेपैकी जी पुस्तके या सवलतीखाली तयार झाली आहेत, ती डोळस ग्राहकाला विकणे हा सरळसरळ कायद्याचा भंग ठरतो. आणि त्याहून वाईट म्हणजे ज्या सवलतीवर मोफत ग्रंथालय उभे आहे, तिच्याबद्दल लेखक-प्रकाशकांच्या मनात कायमचा संशय निर्माण होतो. दृष्टिहीनांसाठीचा मराकेश करार २०१३ साली झाला आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, हे आपण अभिमानाने सांगतो. तो विश्वास जपण्याची पहिली जबाबदारी आपल्यासारख्या लहान संस्थांचीच आहे.

दुसरी अडचण स्वयंसेवकांची आहे. वाचणाऱ्या व्यक्तीला आपल्या आवाजावर कायद्याने सादरकर्त्याचे हक्क आहेत, पण मला इथे कायद्यापेक्षा माणसे महत्त्वाची वाटतात. आमच्याकडे निवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई आठवड्यातून दोनदा बस बदलून येत आणि चारशे पानांची कादंबरी त्यांनी जवळजवळ वर्षभर वाचली, ती अंध मुलींच्या वसतिगृहासाठी. तीच कादंबरी पुढे विक्रीला ठेवण्याचा विचार आम्ही केला, तेव्हा कपाटातील संमतिपत्रे काढून पाहिली. बहुतेक फाइलींमध्ये संमतिपत्रच नव्हते, आणि जिथे होते तिथे ‘अंध बांधवांच्या उपयोगासाठी’ एवढेच लिहिलेले होते. बाईंना आम्ही विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “विकायचं असतं, तर मी तसं वाचलं नसतं.” त्या शब्दांत राग नव्हता. विक्रीसाठी वाचायचे म्हणजे आणखी तयारी करून, दोनदा वाचून मग माइकसमोर बसायचे, असे त्यांना म्हणायचे होते. तेव्हापासून जुन्या साठ्याला आम्ही विक्रीसाठी हात लावला नाही. तुम्हीही लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग विकायचे काय? जे पुस्तक विकण्याचा हक्क तुमच्याकडे खरोखर आहे, ते नव्याने रेकॉर्ड करायचे. या कामातले माझे मुख्य सांगणे असे आहे की, विक्रीसाठी तयार केलेले प्रत्येक पुस्तक त्याच दिवशी, त्याच दर्जाचे, मोफत ग्रंथालयातही दाखल झाले पाहिजे. ज्याला छापील पुस्तक वाचता येते, तो किंमत देतो. ज्याला येत नाही, त्याला तेच पुस्तक विनामूल्य मिळते. अंधांसाठी पंख्याच्या घरघरीसह केलेले रेकॉर्डिंग आणि ग्राहकांसाठी स्वच्छ रेकॉर्डिंग असे दोन दर्जे एकदा मान्य केले, की ग्रंथालय हळूहळू मागच्या खोलीत जाते. तसे होताना मी पाहिले आहे.

हक्क दोन मार्गांनी मिळतात. पहिला मार्ग मुदत संपलेल्या पुस्तकांचा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट राहतो आणि ही वर्षे मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. हरि नारायण आपटे १९१९ साली गेले, त्यामुळे त्यांच्या कादंबऱ्या कधीच मुक्त झालेल्या आहेत. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. चिं. वि. जोशी १९६३ साली गेले, म्हणून त्यांचे विनोदी लेखन १ जानेवारी २०२४ रोजी मुक्त झाले. सावरकरांच्या बाबतीत तो दिवस १ जानेवारी २०२७ हा येतो. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हिशेब मात्र वेगळा असतो, तिथे प्रकाशनाचे वर्ष धरतात. बहिणाबाई चौधरी १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि त्यांच्या गाण्यांचा संग्रह १९५२ साली निघाला, म्हणून तिथे मोजणी मृत्यूवरून न करता प्रकाशनावरून करावी लागते. तारखेइतकेच हातात कोणती आवृत्ती आहे तेही तपासा. मूळ संहिता मुक्त असली, तरी अलीकडच्या संपादकाची प्रस्तावना आणि टिपा मुक्त नसतात. अनुवादकाचा हक्क मूळ लेखकापासून वेगळा मोजला जातो. आणि मुखपृष्ठ तर चित्रकाराचे असते, ते छायाचित्र काढून संकेतस्थळावर लावता येत नाही. शक्यतो जुनी आवृत्ती मिळवून तिच्यावरूनच वाचावे.

परदेशी ग्राहकाला विकणार असाल, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. अमेरिकेत गेल्या शतकातील पुस्तकांची मुदत प्रकाशनापासून ९५ वर्षे अशी मोजली जाते, त्यामुळे १९३० नंतरच्या दशकांतले पुस्तक भारतात मुक्त असूनही तिथे बंधनात असू शकते. एकोणिसाव्या शतकातील आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतील साहित्यापासून सुरुवात केली, तर ही काळजी उरत नाही. हरिभाऊ आपट्यांपासून सुरुवात करा, असे मी सुचवते त्याचे हेही एक कारण आहे.

दुसरा मार्ग हयात लेखकांशी किंवा वारसांशी करार करण्याचा, आणि तो वाटतो तितका अवघड नाही. छापील पुस्तकाचा करार झाला म्हणून ध्वनिहक्क आपोआप प्रकाशकाकडे जात नाहीत, ते करारात लिहिलेले असावे लागतात. पुष्कळ जुन्या करारांत त्यांचा उल्लेखच नसतो. तरीही लेखकाला मूळ करार दाखवण्याची विनंती करा आणि प्रकाशकाला विश्वासात घ्या. आपल्या करारात भाषा, माध्यम, मुदत, प्रदेश आणि मानधन किंवा रॉयल्टी स्पष्ट लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. न्यू जर्सीच्या ग्राहकाला पुस्तक विकताना ही एक ओळ राहून गेलेली महागात पडते. शिवाय दोन वाक्ये प्रत्येक करारात असलीच पाहिजेत. पहिले, दिव्यांग सभासदांना हे पुस्तक कायम मोफत दिले जाईल आणि त्यावर रॉयल्टी असणार नाही. दुसरे, विक्रीचा करार संपला तरी ग्रंथालयातील प्रत राहील. ही दोन वाक्ये समजावून सांगितल्यावर नकार देणारा लेखक मला आजवर भेटलेला नाही. उलट काहींनी आपल्या रॉयल्टीचा वाटाही ग्रंथालयाला देऊ केला.

याच कारणासाठी एखाद्या व्यावसायिक ऑडिओबुक ॲपकडून मागणी आली, तर करार नीट वाचून पाहा. पुस्तक फक्त त्यांच्याकडेच राहील अशी एकाधिकाराची अट मान्य केली, तर तुमचेच पुस्तक तुमच्याच सभासदांना देण्याची सोय जाऊ शकते. ती अट काढून मिळत असेल, तर ॲपवर पुस्तक जरूर द्या, कारण तिथला श्रोता तुमच्या संकेतस्थळावर येणारच असे नाही.

आता पैशांचे. समजा, आठ तासांचे पुस्तक आहे आणि एका तयार तासाला वाचक, एडिटिंग आणि तपासणी मिळून ३,००० रुपये खर्च येतो, म्हणजे निर्मितीखर्च २४,००० रुपये. किंमत २०० रुपये ठेवली. पेमेंट गेटवेचे साधारण २ टक्के आणि त्यावरचा कर धरून ४ रुपये ७२ पैसे जातात. लेखकाला २५ टक्के म्हणजे ५० रुपये दिले, तर हाती १४५ रुपये २८ पैसे राहतात, आणि १६६ प्रती विकल्या गेल्यावर तोंडमिळवणी होते. पुस्तक मुक्त असेल आणि रॉयल्टी नसेल, तर १२३ प्रती पुरतात. हा हिशेब मी मुद्दाम एका पुस्तकाचा मांडला, कारण ‘विक्रीतून ग्रंथालय चालेल का’ यापेक्षा ‘या पुस्तकाचा खर्च निघेल का’ हा प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे असते. माझा अनुभव असा आहे की, विक्रीतून नव्या पुस्तकांचा निर्मितीखर्च निघू शकतो, पण सर्व्हर, सभासदांचे फोन घेणारी व्यक्ती आणि जागेचे भाडे यांसाठी देणग्या लागतातच. तरीही हे थोडे नाही. विक्रीने स्वतःचा खर्च भागवलेले प्रत्येक पुस्तक मोफत ग्रंथालयात फुकट येऊन पडते, आणि देणगीदाराकडे जाताना आपण तेवढे कमी मागतो.

हिशेबाच्या वह्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा. न्यासाचा व्यवसाय त्याच्या उद्दिष्टांना पूरक असावा आणि त्याचे हिशेब स्वतंत्र असावेत, अशी प्राप्तिकराची अपेक्षा असते. न्यासाचे उद्दिष्ट ‘सर्वसाधारण लोकोपयोगी कार्य’ या गटात पडत असेल, तर व्यापारी स्वरूपाच्या जमेवर एकूण जमेच्या २० टक्क्यांची मर्यादाही येते. तुमचा न्यास कोणत्या गटात पडतो, ते तुमच्या सनदी लेखापालाकडून लेखी घ्या. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी सामान्यतः २० लाखांच्या एकूण उलाढालीनंतर लागते. विकत घेतलेल्या पुस्तकासाठी देणगीवरच्या करसवलतीची (८०जीची) पावती देता येत नाही; ग्राहकाने २०० रुपयांच्या पुस्तकाला ५०० रुपये द्यायचे ठरवले, तर २०० ची विक्री आणि ३०० ची देणगी अशा दोन नोंदी करा. परदेशस्थांच्या बाबतीत हा भेद अधिकच महत्त्वाचा ठरतो. नेहमीच्या व्यवहारात पुस्तकाची किंमत म्हणून आलेली रक्कम परकीय अंशदान ठरत नाही, पण परदेशी नागरिकाने दिलेली देणगी ठरते, आणि परकीय अंशदान कायद्याखालील नोंदणीशिवाय ती स्वीकारता येत नाही. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाची स्वतःच्या बचतीतली देणगी चालते. तिथले नागरिकत्व घेतलेल्या त्याच्या सख्ख्या भावाची चालत नाही, त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरीही. देणगीच्या पानावर हा प्रश्न आधी विचारलेला असावा.

परदेशातील मराठी घरांचा उल्लेख मी वारंवार करते आहे, त्याला कारण आहे. तिथे वाढलेल्या मुलांना मराठी समजते, आजीशी फोनवर बोलता येते, पण देवनागरी वाचता येत नाही. छापील पुस्तक त्यांच्यासाठीही बंदच असते. कायद्याच्या अर्थाने ती दिव्यांग नाहीत आणि त्यांचे आईवडील आनंदाने किंमत देतात. गोष्टी, बोधकथा, लहान लहान भागांत ऐकता येईल असे काहीही या घरांत ऐकले जाते. इथले ग्राहक म्हणजे रोज गाडीने किंवा लोकलने तास-दीड तास जाणारे लोक आणि मोतीबिंदूनंतर बारीक टाइप वाचायचा कंटाळा करणारे ज्येष्ठ नागरिक. दिवाळीत भेट म्हणून पाठवता येईल अशी सोय संकेतस्थळावर ठेवली, तर एका माणसाची खरेदी चार घरांत पोहोचते.

रेकॉर्डिंगबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण ग्राहक पुन्हा येणार की नाही ते इथेच ठरते. महागड्या स्टुडिओची गरज नाही. पुस्तकांनी भरलेली दोन कपाटे, खिडकीवर दुहेरी गोधडी, बंद पंखा आणि दुपारची वेळ टाळणे, एवढ्यावर चांगली खोली तयार होते. रेकॉर्डिंग ४४.१ किलोहर्ट्झवर, मोनोमध्ये, वेव्ह फाइल म्हणून करा. तासाला साधारण ३१७ एमबी जागा लागते, पण मूळ प्रत हीच जपायची असते. आवाजाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलमध्ये, सर्वांत मोठा आवाज उणे ३ च्या खाली आणि शांततेतली घरघर उणे ६० च्या खाली, हे व्यावसायिक ऑडिओबुकांचे रूढ निकष आहेत आणि मोफत सॉफ्टवेअरवरही ते साधता येतात. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला वाचकाने काही न बोलता दहा सेकंद थांबावे. ही खोलीची शांतता पुढे एडिटिंगमध्ये जोड लपवायला लागते. तिच्याऐवजी निखळ शून्य, म्हणजे पूर्ण निःशब्दता भरली, तर कानाला खड्डा जाणवतो.

मराठी वाचनात खरी कसोटी च आणि ज यांची असते. ‘चार’ आणि ‘चारा’, ‘जग’ आणि ‘जगणे’ यांतले उच्चार लिपी सांगत नाही, आणि बोलताना बरोबर उच्चार करणारा माणूसही माइकसमोर औपचारिक होऊन चुकतो. जुन्या लेखनात अडलेले शब्द आधी पेन्सिलीने खुणा करून, कोणाला तरी विचारून मग बसावे. एका तयार तासामागे वाचन, एडिटिंग आणि छापील प्रत हाती धरून शेवटची ऐकणी धरून चार ते सहा तास लागतात. ऐकणी वाचकाने स्वतः करू नये, त्याला आपली चूक ऐकू येत नाही. पार्श्वसंगीत टाळावे, त्याचे हक्क वेगळे घ्यावे लागतात आणि आठ तासांत ते कानाला जड होते. संगणकीय आवाज आता पुष्कळ सुधारले आहेत, आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांसाठी, जिथे विद्यार्थ्याला आज प्रकरण हवे असते, तिथे आम्ही तेच वापरतो. कथा-कादंबरी मात्र माणसाने वाचलेलीच लोक विकत घेतात.

विक्रीची फाइल ६४ केबीपीएस मोनो एमपी३ केली, तर तासाला २९ एमबीच्या आसपास भरते, म्हणजे आठ तासांचे पुस्तक सुमारे २३० एमबी. डाउनलोड मध्येच तुटले तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ नये, म्हणून प्रकरणे सुटी ठेवा आणि पूर्ण पुस्तकाची एक झिपही द्या. फाइलींना ००१, ००२ असे क्रमांक द्या. आम्ही सुरुवातीला १, २, ३ असे दिले होते आणि एका आजींचा फोन आला की, पहिल्या प्रकरणात लग्न ठरते आणि लगेच नातू शाळेत जातो, मधले कुठे गेले? त्यांच्या फोनमध्ये १ नंतर १० लागत होते. फाइलचे नाव रोमन अक्षरांत आणि आतली माहिती देवनागरीत ठेवली, तर जुन्या फोनवर आणि गाडीतल्या प्लेअरवर चौकोन दिसण्याचा त्रास बराच कमी होतो.

नक्कल होऊ नये म्हणून फाइलला कुलूप लावू नका. कुलूपबंद फाइल उघडण्यासाठी खास ॲप लागते, ते स्क्रीन रीडरशी, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरशी, नीट बोलेल याची खात्री नसते, आणि पैसे देणाऱ्या ज्येष्ठ ग्राहकाची त्यात सर्वांत जास्त अडचण होते. व्हॉट्सॲपवर फाइल फिरेल ही भीती रास्त आहे. त्यावर आम्ही प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला वाचकाच्याच आवाजात दोन वाक्ये ठेवतो: या पुस्तकाच्या विक्रीतून अंध वाचकांसाठी पुढचे पुस्तक तयार होते, आणि आपल्याला ते भेट म्हणून मिळाले असेल तर आपणही एक प्रत विकत घ्यावी. त्या दोन वाक्यांनंतर आलेल्या खरेदीसोबत ‘मैत्रिणीने पाठवले होते’ असे लिहिणारे ग्राहक आम्हाला मिळाले आहेत.

मोफत सभासदत्वाची बाजू मात्र काटेकोर ठेवावी लागते, कारण कायद्याची अट तीच आहे. दिव्यांगत्वाचे यूडीआयडी कार्ड किंवा प्रमाणपत्र पाहून सभासद करून घ्या, पण केवळ अंधत्व धरू नका. ज्यांना पुस्तक हातात धरता येत नाही किंवा वाचनअक्षमतेमुळे छापील मजकूर उलगडत नाही, त्यांनाही आत घ्या. २०१६ साली सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या दिव्यांग वाचकांच्या ऑनलाइन ग्रंथालयाशी जोडून घेतले, तर तुमची पुस्तके देशभरातल्या सभासदांना मिळतात आणि इतरांनी आधीच केलेले पुस्तक पुन्हा करण्याचे श्रम वाचतात.

संकेतस्थळ तयार झाले, की ते जाहीर करण्याआधी तुमच्याच एखाद्या अंध सभासदाला शेजारी बसवून, स्क्रीनकडे न पाहता, एक पुस्तक शेवटपर्यंत मिळवून दाखवायला सांगा. आम्ही हे केले तेव्हा सुंदर दिसणाऱ्या आमच्या पानावर त्याचा फोन एकामागून एक ‘लेबल नसलेले बटण, लेबल नसलेले बटण’ एवढेच बोलत राहिला, चित्रातली अक्षरे ओळखण्याच्या चौकटीपाशी तो अडकला आणि ओटीपी ऐकून होईपर्यंत वेळ संपली. त्या एका दुपारी सापडलेल्या अकरा चुका दुरुस्त करायला आम्हाला तीन आठवडे लागले, आणि विक्री त्यानंतरच सुरू केली.